दशमीचं पाणी

तारकर्लीच्या निवास-न्याहारीवाल्या घरांत येणारे फोन साधारण एकाच वळणाने जातात. समुद्र किती अंतरावर आहे, खोलीला एसी आहे का, गरम पाणी चोवीस तास असतं का, सुरमईची थाळी केवढ्याला. आणि फोन ठेवता ठेवता, "स्नॉर्केलिंगचं तुम्हीच करून देता ना?" ज्यांच्याकडे मी उतरले होते त्या काकी गेली कित्येक वर्षं हे फोन घेताहेत. त्या म्हणाल्या, "पाणी कधी नितळ आसता, ह्यां कोण इचारना नाय."

सगळा मुक्काम खरं तर याच न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे. मालवणच्या समुद्रात तोंड बुडवल्यावर खाली काय दिसेल, ते खोलीच्या भाड्यावर ठरत नाही. ते कर्ली नदीवर, पहाटेच्या वाऱ्यावर, पंचांगातल्या तिथीवर आणि आपण किती रात्री थांबायला तयार आहोत यावर ठरतं. पुण्या-मुंबईहून शनिवारी पहाटे पोचायचं, दुपारी होडीत बसायचं, रविवारी किल्ला बघून परतीची गाडी पकडायची, या हिशेबात समुद्राला विचारायला जागाच उरत नाही. मग ज्याला जे दिसेल ते. बहुतेकांना हिरवट पाणी, पावाचे तुकडे आणि त्यावर तुटून पडणारे पट्टेरी मासे दिसतात, आणि "मालवणचं स्नॉर्केलिंग एवढंच" असा समज घेऊन ते घरी जातात. मला हा समज मनापासून खटकतो, कारण त्या पाण्याखाली जे आहे ते फार मोलाचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. मालवण शहरातून दक्षिणेला निघालं की सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली, आणि तिथून पुढे देवबाग. देवबाग म्हणजे वाळूची लांबच लांब जीभ. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि टोकाला दोन्हींचा संगम. मधल्या पट्ट्यात माड, सुरूची बनं, मच्छीमारांची घरं आणि आता दर दोन घरांआड एक पाटी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं रिसॉर्ट तारकर्लीच्या किनाऱ्यालगत सुरूंच्या सावलीत आहे, कोकणी घरासारख्या उतरत्या छपरांच्या खोल्यांचं. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि कुडाळला उतरून तासाभरात समुद्र गाठता येऊ लागला. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ उघडला. या काळात इथली पडवी आधी जेवणघर झाली, मग मागच्या अंगणात दोन खोल्या चढल्या, मग चार. यातली बरीच घरं अजून मालकांची स्वतःची आहेत. घरातली बाई स्वयंपाक करते, मुलगा होडीवर असतो, सासरे सकाळी मासळीच्या लिलावाला जातात. बाहेरच्या भांडवलाने उभ्या राहिलेल्या किनाऱ्यांवर हे दिसत नाही, आणि याच कारणासाठी मला इथलं पर्यटन टिकावंसं वाटतं.

जाहिरातींतून एक गैरसमज मात्र पसरतो. तारकर्लीच्या खोलीसमोर समुद्रात शिरलात तर खाली वाळूच वाळू आहे. प्रवाळाला धरायला खडक लागतो, आणि तो आहे मालवणच्या बंदरासमोर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. लक्षद्वीपच्या बंगारमसारख्या बेटावर खोलीतून निघून चार पावलांवर लगून असतं, गुडघाभर पाण्यात वाकलं तरी मासे दिसतात. ती प्रवाळानेच बांधलेली बेटं आहेत, जवळपास कुठलीही नदी नाही, म्हणून पाणी काचेसारखं. मालवण हा मुख्य भूमीचा किनारा. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस इथल्या खाड्यांतून माती घेऊन समुद्राला मिळतो. दोन्हींची तुलना करून मालवणला कमी लेखणं बरोबर नाही. इथे प्रवाळ आहेत, हीच मुळात नवलाची गोष्ट आहे.

शास्त्रज्ञांनी त्यांची नोंद घेतली तीही तशी उशिरा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले कासिम आणि वाफर यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचं लिहिलं, त्यात मालवण होतं. इथल्या रापणकर मच्छीमारांना, कालवं काढणाऱ्या बायकांना खडपावरचे हे "फुलांचे दगड" त्याआधीपासून ठाऊक होते. इथले प्रवाळ झाडाच्या फांद्यांसारखे वर वाढत नाहीत. पोराइट्ससारखे गोलसर गठ्ठे, फेव्हाइट्सचे मधाच्या पोळ्यासारखे घर पाडलेले गोळे, खडकाला लेप दिल्यासारखे पसरलेले थर, आणि टर्बिनेरियाची पसरट पानं. गढूळ पाणी, भरती-ओहोटीची ओढ, पावसाळ्यात अचानक उतरणारं गोडं पाणी, हे सगळं सोसणाऱ्या जातीच इथे तगल्या. पोराइट्सचा गठ्ठा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कळशीएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या वयाचा असू शकतो. त्यावर टेकलेला एक पाय, एक लोखंडी नांगर, आणि ती वर्षं गेली.

आता पाण्याकडे येऊ, कारण मुक्कामाचं सगळं गणित तिथे आहे.

महाराष्ट्र सागरी मंडळ दर वर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात जलक्रीडा बंद ठेवतं. १ सप्टेंबरला हंगाम उघडतो, पण पाणी तेव्हा उघडत नाही. खाड्यांचं लाल-तपकिरी पाणी पार ऑक्टोबरपर्यंत बंदरात घोळत राहतं. दिवाळी सरली, उत्तरेकडचा वारा स्थिरावला, की गाळ तळाशी बसायला लागतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत इथला सगळ्यात चांगला काळ. पुढे एप्रिल-मे महिन्यांत पाणी कोमट होतं, दुपारचा वारा वाढतो, आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी असल्याने गर्दीचा कळस होतो.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. त्यांच्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी सकाळी ताटासारखं सपाट असतं. ऊन चढलं की उलट होतं, खारे वारे सुटतात, लाटा खडकावर आपटतात आणि तळाचा गाळ वर येतो. सकाळी सातला जिथे तळाची वाळू मोजता येते, तिथे दुपारी तीनला आपला हात दिसत नाही.

तिसरी गोष्ट भरतीची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं आणि तळ ढवळतं. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग असतो, तेव्हा चढउतार कमी आणि ओढही कमी. शिवाय भरतीचं पाणी बाहेरच्या समुद्रातून येतं, म्हणून ते स्वच्छ असतं. ओहोटीचं पाणी खाडीतला गाळ घेऊन बाहेर पडतं. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मालवणला भरती त्याहून थोडी आधी लागते. हे सगळं एकत्र ठेवलं की दशमी-एकादशीची सकाळ हाती येते. पाण्याची ओढ सगळ्यात कमी, पूर्ण भरती साधारण सातच्या आसपास, वारा जमिनीकडचा आणि खडकांवर पुरेसं पाणी, म्हणजे कुणाचे पाय प्रवाळाला लागत नाहीत. ज्याच्या होडीतून मी गेले त्या गाइडने हा हिशेब बोटांवर करून दाखवला. त्याच्या आजोबांनी तो जाळं टाकण्यासाठी शिकवला होता, नातू तो पाहुण्यांसाठी वापरतो. मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं अॅप त्याच्याकडेही आहे. तो दोन्ही बघतो.

डिसेंबरातल्या अशाच एका सकाळी आम्ही निघालो. होडीत गाइड, सुकाणूवर त्याचा चुलतभाऊ, मी आणि लातूरकडचं एक कुटुंब. त्यातल्या आजींनी आयुष्यात समुद्र आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला होता. नातवंडांनी त्यांना काठावर बसवून ठेवायचं ठरवलं होतं, त्यांनी ते ऐकलं नाही. नऊवारीवरून लाईफ जॅकेट चढवून त्या सगळ्यांआधी होडीत बसल्या.

किल्ल्याच्या तटाला वळसा घालताना तो किती प्रचंड आहे हे कळतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर याचं काम सुरू झालं. शिवरायांनी ज्या खडकांच्या भरवशावर हा जंजिरा उभारला, ते खडक शत्रूच्या जहाजांना आत येऊ देत नव्हते, आणि आज तेच खडक प्रवाळांना आधार देतात. किल्ल्याच्या मागच्या अंगाला गाइडने इंजिन बंद केलं. मग त्याने जे केलं ते मी इतर होड्यांवर क्वचित पाहिलं आहे. त्याने कुणालाही पाण्यात उतरवलं नाही. होडीतच सगळ्यांना मास्क लावायला दिले, नाकाने श्वास घ्यायची सवय मोडून तोंडाने कसा घ्यायचा ते बादलीभर समुद्राच्या पाण्यात तोंड बुडवून शिकवलं. आजींच्या मास्कात पाणी शिरत होतं, कारण कपाळावरचे केस कडेखाली अडकले होते. ते त्याने पदराखाली नीट सारून दिले. "घाई नाय, आजी. समुद्र खंय पळान जाणा नाय." एकेकाचा श्वास सावकाश झाल्यावर रिंगला धरून एकेक जण पाण्यात. शेवटची सूचना एकच होती. "खडपार पाय ठेवू नकात. ता जिता आसा."

तोंड पाण्यात घातल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो आपलाच श्वास. मग एक बारीक कडकड ऐकू येते, कढईत मोहरी तडतडल्यासारखी. खडकांच्या फटींत राहणाऱ्या इवल्या कोळंब्या नांग्या आपटतात, त्याचा हा आवाज. निरोगी खडपाजवळ तो असतोच. डोळे सरावले की खडकाचा राखाडी रंग विरघळतो आणि त्यावर तपकिरी, शेवाळी हिरवा, फिक्का जांभळा असे पट्टे दिसायला लागतात. सारगॅसम शेवाळाच्या लांब शेपट्या पाण्याबरोबर डावीकडे झुकतात, उजवीकडे झुकतात. त्यांच्या खाली एक गोबरा मासा फटीत तोंड बाहेर काढून बसलेला, आपल्याकडे रोखून पाहणारा. त्या सकाळी दृष्टी चार-पाच मीटर पोचत होती. मालदीवला जाऊन आलेल्यांना हे थोडं वाटेल. पण चार मीटर पाण्यात खडकाचा एकच कोपरा नीट दिसत असेल, तर माणूस त्या एकाच कोपऱ्याकडे बघत राहतो. फुलपाखरू माशांची जोडी प्रवाळाच्या तोंडांतून काहीतरी टिपत होती, दोघं कधीही हातभरापेक्षा लांब गेले नाहीत. पेडव्यांसारख्या चंदेरी पिल्लांचा एक थवा आमच्या आणि सूर्याच्या मधून गेला आणि क्षणभर सगळं पाणी लखलखलं.

आजी वर आल्या तेव्हा मास्क काढायच्या आधीच बोलायला लागल्या. खाली गाव आहे, म्हणाल्या. घरं आहेत, दारं आहेत, माणसं दारात बसलीत. त्यांना परत खाली जायचं होतं.

हे ज्या प्रवाळांमुळे घडतं, त्यांचं जगणं फार नाजूक तोलावर आहे. प्रवाळ हा प्राणी, त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हापासून अन्न बनवून यजमानाला देतं. त्याचं बहुतेक पोषण आणि रंगही त्यातूनच. पाण्याचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीच्या एखाद-दोन अंश वर काही आठवडे राहिलं, की हे सख्य तुटतं, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो. मालवणच्या प्रवाळांतही संशोधकांनी असं ब्लीचिंग नोंदवलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या समुद्रांत चौथं जागतिक ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर झालं. आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या जिल्ह्याला अरबी समुद्राचं तापमान खाली आणता येणार नाही. आजारातून उठणाऱ्या माणसाला निदान त्रास तरी देऊ नये, एवढं मात्र इथे करता येतं, आणि तिथेच पाव, पाय, नांगर आणि सांडपाणी यांचा प्रश्न येतो.

पावाबद्दल मी जरा थांबून बोलणार आहे, कारण तो सगळ्यांना निरुपद्रवी वाटतो. पाहुण्याला अर्ध्या तासात मासे दाखवायचे, तर पाव चुरून टाकणं सोपं. काळे-पिवळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे होडीचा आवाज ओळखून गोळा होतात, फोटो छान येतो. पण ही गर्दी एकाच जातीची असते, धीट आणि आक्रमक. त्यांच्या रेट्यात लाजरे मासे मागे हटतात. ज्या माशांनी खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला मोकळं ठेवायचं, त्यांचाही ओढा पावाकडे वळतो. उरलेला चुरा तळाशी कुजतो आणि शेवाळालाच खत मिळतं. पाव टाकायचा नाही, असं ठरवणारा गाइड त्या दिवशी कमी मासे दाखवण्याचा धोका पत्करतो, आणि पाहुण्यांनी तक्रार केली तर हॉटेलवाला पुढच्या वेळी दुसरी होडी बोलावतो. म्हणून गाइडला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण हॉटेलात उतरतानाच सांगायला हवं, आम्हाला पाव नको, आम्ही थांबू.

या गाइडांपैकी अनेक जण मच्छीमारांच्या घरातले आहेत, आणि त्यांच्या घरांत अभयारण्याची आठवण कडू आहे. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, राज्यातलं पहिलं सागरी अभयारण्य. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतालचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळी टाकली, तिथे आता आपल्याला गुन्हेगार ठरवणार, अशी भीती किनाऱ्यावर पसरली आणि विरोध उभा राहिला. तो विरोध मला समजतो. रापण ओढणारा माणूस किनाऱ्यावरून जाळं टाकतो, गाव मिळून दोर ओढतो, दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. समुद्र ओरबाडला तो मोठ्या यांत्रिक बोटींनी, आणि निर्बंधांची पहिली झळ बसली ती लहान मच्छीमाराला. संवर्धन लोकांच्या हाताला काम देऊन करता येतं, हे इथे समजायला पुढची पंचवीस वर्षं गेली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने जिल्ह्यात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प चालला, त्यात ट्रॉलरच्या जाळ्यांना चौकोनी आसाची पिशवी बसवून लहान मासे निसटू देण्यापासून खेकडे-कालवांच्या शेतीपर्यंत अनेक गोष्टी झाल्या. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायकांची कांदळवन सफर त्यातूनच उभी राहिली. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आली आणि स्थानिक मुलं पाण्याखालचं शास्त्र शिकू लागली. आमचा गाइड खडकावरच्या प्रवाळांची लॅटिन नावं सांगतो आणि माशांची मालवणी. दोन्ही त्याच्या तोंडी सारखीच सहज येतात.

सुरक्षिततेबद्दल कुणीही गुळमुळीत बोलू नये. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तारीख पाहावी, हंगाम बंद व्हायला दोनच दिवस उरले होते. मेच्या शेवटी समुद्र बदललेला असतो, आणि सुट्टी संपायच्या आत सगळं उरकायची पाहुण्यांची घाई शिगेला पोचलेली असते. चांगलं हॉटेल ओळखायची माझी एकच कसोटी आहे. "आज नको, आज पाणी चांगलं नाही," असं जे स्वतःहून सांगतं आणि त्यासाठी आपली दलाली सोडतं, ते चांगलं. काकींच्या घरी मी हे वाक्य ऐकलं. त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना खाडीतून कांदळवनं बघायला पाठवलं.

हॉटेलाच्या मागच्या बाजूलाही पाहुण्याने एकदा नजर टाकावी. देवबागची जमीन वाळूची, थोडं खणलं की पाणी लागतं. अशा जमिनीत शोषखड्डा म्हणजे सांडपाण्याला समुद्राकडे आणि शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारी मोकळी वाट. पूर्वी एका घरात सहा माणसं होती, आता हंगामात तीसजण अंघोळ करतात. उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर येतं. मे महिन्यात इथल्या कित्येक विहिरी मचूळ होतात आणि टँकर मागवावा लागतो. दुसरीकडे समुद्र किनारा खातो आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते, या दोन वादळांनी देवबागच्या लोकांना आपली जमीन किती अरुंद आहे ते पुन्हा दाखवून दिलं. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ साली आले, मग २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून बांधकामबंदीचं अंतर दोनशे मीटरवरून पन्नासवर आलं. स्थानिकांच्या घरदुरुस्तीला यातून दिलासा मिळाला, हे खरं. पण प्रत्येक वाढलेल्या खोलीमागे सांडपाणी शुद्ध करायची सोय वाढली का, हे बघणारं कुणी दिसत नाही. वाडीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक छोटं शुद्धीकरण केंद्र बांधावं आणि त्याला पर्यटन खात्याने निम्मी मदत द्यावी, यात अवघड काही नाही. तसं झाल्यावर भाडं थोडं वाढलं, तर मी ते आनंदाने देईन.

नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आखली गेली आहे. २०२४ च्या जानेवारीत ही नौका सेवेतून निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी पर्यटन महामंडळाकडे आली. अशा जहाजावर हळूहळू कालवं, शेवाळ, मासे वस्ती करतात, आणि डायव्हिंगची गर्दी तिकडे वळली तर किल्ल्यामागच्या खडकांवरचा भार हलका होईल. मला ही योजना आवडते. मात्र तिथे जाणारा पाहुणा वेगळा, प्रशिक्षण घेतलेला. नऊवारीतल्या आजी किल्ल्यामागेच येणार, आणि त्यांच्यासाठी तिथला खडक नीट राहायला हवा.

त्यासाठी लागणारं काम साधं आहे. आज होड्या खडकांजवळ नांगर टाकतात. दर फेरीला लोखंड तळावर घासत जातं. त्याऐवजी प्रवाळापासून दूर, वाळूत काँक्रीटचे वजनदार ठोकळे बसवून त्यांना तरंगते बोये बांधायचे. होडी आली की बोयाला दोर बांधेल, नांगर होडीतच राहील. जितके बोये, तितक्याच होड्या एका वेळी त्या खडकावर, म्हणजे संख्येचा प्रश्नही आपोआप सुटतो. पाळी लावायची पद्धत मालवणला नवी नाही, जेटीवरून किल्ल्यात माणसं नेणाऱ्या होड्या पाळीनेच सुटतात. आमच्या गाइडने जागासुद्धा पाहून ठेवल्या आहेत. तो म्हणाला, कुठे वाळूची खोली पुरेशी आहे आणि कुठे खाली कातळ लागतो, ते आम्हाला बुडी मारून माहीत आहे, फक्त परवानगी आणि खर्च कुणाचा ते ठरवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात होड्या रंगवून तयार असतात, पाणी गढूळ म्हणून गिऱ्हाईक कमी असतं, प्रशिक्षण घेतलेले पाणबुडे मोकळे असतात. या वर्षीचे ते महिने सरले. पुढच्या पावसाळ्यात ठोकळे ओतून ठेवले, तर त्याच्या पुढच्या नोव्हेंबरातल्या दशमीला पहिली होडी बोयाला बांधता येईल.